बोटभर माडी

फार पूर्वीची गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात माणसांपेक्षा माड जास्त होते. माणसं भांडायची, रुसायची, गाव सोडून जायची. माड जागचे हलत नसत. त्यामुळे गावात पहिला मान माडांना होता आणि त्यांच्या खालोखाल माडीवाल्याला.

हा माडीवाला दिवसातून तीनदा माडांवर चढे. सकाळी रात्रभर भरलेली मडकी उतरवायला, दुपारी पोय तासायला आणि संध्याकाळी पुन्हा मडकी उतरवायला. पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा. त्याचं टोक रोज पातळ कापलं की थेंबथेंब रस गळतो. मडक्याला आतून चुना फासला असेल तर तो रस गोड राहतो. त्या नीरेवर गावातली पोरं वाढली होती. चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत रस आंबतो आणि त्याची माडी होते. ती मोठी माणसं पीत. ही वाटणी कुणी दवंडी पिटून ठरवली नव्हती, पण सगळे ती पाळत होते.

माडीवाला माणूस सरळ होता. शेवटच्या माडावरून पाय जमिनीला लागेपर्यंत तो माडीच्या थेंबाला शिवत नसे. झिंगून माड चढलेला माणूस उतरत नाही, पडतो, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. संध्याकाळी मात्र त्याच्या अंगणात तीन-चार मित्र जमत. करवंटीत माडी ओतून घेत, गावाची उणीदुणी काढत आणि जेवायच्या वेळी आपापल्या घरी जात. घरात त्याची बायको होती, आबोली नावाची सात वर्षांची मुलगी होती आणि दीड वर्षाचा मुलगा होता. त्याला सगळे बाबल म्हणत.

त्यांच्या शेजारी एक मिठागरवाला राहत होता. त्याला माडीचा भारी तिटकारा. माडीवाला मडकी घेऊन रस्त्यानं जाताना दिसला की हा घराच्या खिडक्या लावून घेई. त्याच्या मुलानं लहानपणी एकदा विचारलं होतं, "बाबा, त्या मडक्यात काय असतं?" तर उत्तराच्या जागी थोबाडीत बसली. त्यानंतर त्या घरात माडीचं नाव कुणी काढलं नाही.

तो मुलगा एकोणीस वर्षांचा झाला आणि पलीकडच्या गावच्या जत्रेला गेला. तिथे त्याला माडीचं दुकान दिसलं आणि आपण थांबायचं कधी हे काही त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौघांनी त्याला शिडीवर आडवा घालून घरी आणला. दोन दिवस त्याला मान वर करता आली नाही आणि मिठागरवाल्याला तर पुढे महिनाभर.

गावाला बोलायला विषय मिळाला. त्या संध्याकाळी माडीवाल्याच्या अंगणात जमलेल्या मित्रांतला होडीवाला म्हणाला, "झाकून ठेवली म्हणून असं झालं. पोरांना ज्याची बंदी घालाल, पोरं नेमकी तेच करतात." सगळ्यांनी माना हलवल्या. पोटात माडी असली की माना लवकर हलतात.

माडीवाल्याला हे बोलणं फारच पटलं. तो म्हणाला, "माझ्या पोरांचं मी असं होऊ देणार नाही. मी त्यांना घरातच चव दाखवणार. माझ्या मांडीवर बसून चाखतील, तोंड वाकडं करतील, नवल संपलं. एकदा चव घेतली की मोठेपणी बिघडायची भीती नाही."

त्याची बायको पलीकडे मासे साफ करत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "शेजारच्यांनी झाकून ठेवली म्हणून आपण हातानं पाजायची?"

"पाजतंय कोण? बोटभर चव."

"नीरा पितात की पोरं. ती काय कमी गोड आहे?"

"प्रश्न गोडाचा नाही गो. तुला नाही कळायचं."

ज्या घरात हे वाक्य बोललं जातं, तिथे पुढे कुणाला तरी काहीतरी कळायची पाळी येतेच. पण त्या दिवशी बायको गप्प बसली, कारण समोर चार परके पुरुष होते.

माडीवाल्यानं आबोलीला हाक मारली, मांडीवर घेतलं, करवंटीत बोट बुडवलं आणि तिच्या जिभेला लावलं. आबोलीचे डोळे बारीक झाले, नाकाला सुरकुत्या पडल्या आणि ती थू थू करत परकराला जीभ पुसू लागली. अंगणात हशा पिकला. होडीवाला तर हसता हसता पाटावरून घसरला.

"बघितलंस?" माडीवाला बायकोला म्हणाला. "आता आयुष्यात मागणार नाही."

खरंच आबोलीनं माडी मागितली नाही. तिला ती मुळीच आवडली नव्हती. तिला आवडलं होतं ते निराळंच. तिचा बाबा दिवसभर माडांच्या शेंड्यावर असायचा आणि उतरला की कोयता परजण्यात आणि मडकी धुण्यात त्याची संध्याकाळ जायची. मित्र आल्यावर तिला आत जायला सांगत. त्या दिवशी मात्र बाबानं तिला सगळ्यांच्या मधोमध मांडीवर घेतलं होतं, तिच्याकडेच बघत सगळे हसले होते आणि बाबानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. दुसऱ्या संध्याकाळी ती न बोलावता येऊन मांडीवर बसली.

मग तो रोजचा खेळ झाला. बोट बुडायचं, जिभेला लागायचं, आबोली तोंड वाकडं करायची. पाच-सहा दिवसांनी ते तोंड आपोआप वाकडं होईना, तेव्हा ती मुद्दाम करू लागली. पोरं हुशार असतात. एकदा होडीवाल्यानं आपली करवंटीच तिच्या ओठांना लावली. "एक घोट घे गो बाय. बघू आज तोंड किती वाकडं होतंय." माडीवाल्याच्या मनात आलं की नको म्हणावं. पण पाहुण्याचा हात कसा बाजूला सारायचा, असा त्याला संकोच वाटला. भिडेपायी तो गप्प राहिला आणि आबोलीनं घोट घेतला.

त्या रात्री बायकोनं जेवण वाढताना विषय काढला. "अहो, तो घोट होता. बोट नव्हतं."

"एकदाच झालं."

"ती रोज दिवेलागणीची वाट बघते. मी बघत्ये ना."

"माझी वाट बघते ती," माडीवाला म्हणाला. हे त्यानं बरोबर ओळखलं होतं, पण त्यातून घ्यायचं ते घेतलं नाही.

एका दुपारी ओहोटी चांगली लागली होती. बायको टोपली घेऊन खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला गेली. माडीवाला अंगणाच्या कडेच्या सगळ्यात उंच माडावर पोय तासायला चढला. आबोलीला त्यानं सांगितलं, "बाबलकडे बघ. मी इथेच वर आहे."

बाबलला दाढा येत होत्या. त्याची कुरकुर सकाळपासून चालली होती, आता त्यानं भोकाड पसरलं. आबोलीनं त्याला कडेवर घेतलं, कावळा दाखवला, शंख वाजवून दाखवला. तो काही थांबेना.

वर शेंड्यावर माडीवाल्यानं पोयीचं टोक कापलं, कोयता कमरेच्या आकड्यात अडकवला आणि सहज खाली पाहिलं. एवढ्या उंचीवरून आपलं अंगण त्याला ताटाएवढं दिसत होतं. अंगणात आबोली पाटावर बसली होती. तो स्वतः बसायचा तशीच, एक पाय दुमडून आणि पाठ खांबाला टेकून. तिनं बाबलला मांडीवर घेतलं. जवळच ठेवलेल्या मडक्यातून करवंटी भरली. बोट बुडवलं आणि बाबलच्या जिभेला लावलं.

बाबलनं तोंड वाकडं केलं. आबोली मागे मान टाकून हसली आणि तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

माडीवाला क्षणभर बघतच राहिला. खरं सांगायचं तर त्याला आधी हसूच आलं. पोर किती हुबेहूब आपल्यासारखं करते, असं त्याला वाटलं. मग बाबलचं रडणं थांबलं, त्यानं हात पुढे केला आणि आबोलीनं करवंटी उचलून त्याच्या ओठांना लावली. बाबल आईच्या हातून नीरा प्यायचा तसा ती माडी गटागट पिऊ लागला. आणि ते मडकं सकाळचं होतं. दुपारच्या उन्हात त्यातली माडी चांगली कडक झाली होती.

"आबोली!" तो वरून ओरडला. समुद्रावरून वारा येत होता. त्याचा आवाज गावाच्या दिशेनं उडून गेला आणि खाली अंगणात काहीच पोचलं नाही. तो पुन्हा ओरडला. आबोलीनं करवंटी आणखी थोडी तिरपी केली.

तो उतरू लागला. माडाच्या खोडाला पाय ठेवण्यापुरत्या खाचा असतात. एकेका खाचेत अंगठा रुतवत, दोन्ही हातांनी खोड कवटाळत उतरावं लागतं. माणूस कितीही घाबरला तरी माड तेवढाच उंच राहतो. घाई केली तर पाय सुटतो. पाय सुटला तर पोरांकडे बघायला कुणीच नाही. माडीवाला आयुष्यात पहिल्यांदा माडावर घाबरला. छाती सोलून निघाली, आणि अंगणाकडे बघायचं नाही असं ठरवूनसुद्धा तो दर दोन खाचांनी बघत होता. बाबलची मान एका बाजूला कलली होती.

जमिनीला पाय लागताच तो धावला. बाबल आबोलीच्या मांडीवर पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, अंग गार पडलं होतं आणि श्वास थांबून थांबून येत होता. हाका मारल्या, गालावर थोपटलं, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

आबोली शांत होती. तिनं बोट ओठांवर ठेवलं. "हळू बोला बाबा, आत्ताच झोपलाय. मी त्याला चव दाखवली. आता तो मोठेपणी बिघडायची भीती नाही."

हे माडीवाल्याचेच शब्द होते, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्यानं बाबलला छातीशी धरलं आणि गावाच्या टोकाला राहणाऱ्या वैद्यीणबाईकडे पळत सुटला. मागून आबोली पळत आली. वाटेत कुणीतरी खाडीकडे निरोप दिला आणि आई चिखलानं भरलेल्या पायांनी तशीच धावत आली. शेजारचा मिठागरवाला आणि होडीवालाही आले. बातमी गावात माणसांच्या आधी पोचते.

वैद्यीणबाई म्हातारी होती आणि कमी बोलायची. तिनं बाबलच्या तोंडाचा वास घेतला आणि कुणाला काही विचारलं नाही. त्याला कुशीवर निजवलं, म्हणजे ओकारी आली तर घशात अडकणार नाही. अंगाखाली आणि अंगावर कांबळी घातली. चुलीवर पाणी ठेवून त्यात गूळ विरघळवला, पण लगेच पाजला नाही. "गिळता येत नाही तोवर तोंडात काही घालायचं नाही," ती म्हणाली. "तोवर तळपाय चोळा आणि नाव घेऊन हाका मारा. झोपू द्यायचं नाही."

आईनं एक तळपाय घेतला, बापानं दुसरा. दोघं हाका मारत राहिले. दारात माणसं उभी होती. आईला वाटत होतं की आपण त्या पहिल्या दिवशीच चार परक्यांसमोर ओरडायला हवं होतं. बापाला काय वाटत होतं ते सांगून उपयोग नाही. ज्याला मूल आहे त्याला ते कळेल.

उन्हं कलली. माडांच्या सावल्या लांब होऊन वैद्यीणबाईच्या दारापर्यंत आल्या. तेव्हा बाबलनं एक पाय आखडून घेतला. मग दुसरा. मग त्याला ओकारी झाली आणि मग तो रडला. सकाळी त्याच रडण्याला सगळे कंटाळले होते. आता ते ऐकून आई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. वैद्यीणबाईनं चमच्यानं थोडं थोडं गुळाचं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. त्यानं ते गिळलं.

"वाचला," ती म्हणाली. मग पहिल्यांदा तिनं विचारलं, "एवढ्याशा जिवाला माडी पाजली कुणी?"

खोलीतले सगळे आबोलीकडे बघू लागले. होडीवाल्यानं तर मान डोलावून तिच्याकडे खूण केली. आबोलीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. दुपारपासून ती कोपऱ्यात उभी होती आणि आपलं काय चुकलं हे तिला नीटसं कळलं नव्हतं. आपण चुकलो एवढंच कळलं होतं.

माडीवाल्याला तेव्हा गप्प बसता आलं असतं. गाव आपल्याआपण समजलं असतं की पोरीनं खेळता खेळता घोटाळा केला. दोन धपाटे घातले असते तर सगळ्यांना बरंही वाटलं असतं.

तो म्हणाला, "मी पाजली."

"नाही बाबा," आबोली बारीक आवाजात म्हणाली. "मी पाजली. तुम्ही माडावर होतात."

माडीवाला तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिचे पाठीमागचे हात त्यानं आपल्या हातांत घेतले. "तू मला रोज बघत होतीस. जे बघितलंस तेच केलंस. चूक माझी आहे पोरी, तुझी नाही." मग तो बायकोकडे वळला. "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही." असं त्यानं गावासमोर म्हणावं, याची बायकोला सवय नव्हती. तिनं फक्त मान हलवली आणि बाबलला पदराखाली घेतलं.

चार दिवस माडीवाल्याच्या अंगणात कुणी आलं नाही. पाचव्या संध्याकाळी मित्र हळूहळू पुन्हा जमले. बाबल दारात बसून शिंपले आपटत होता. होडीवाल्यानं करवंटी भरून घेतली, बोट बुडवलं आणि सवयीनं हाक मारली, "ये गो आबोली, तोंड वाकडं करून दाखव."

माडीवाल्यानं त्याचं मनगट धरलं आणि हात खाली केला. या वेळी त्याला संकोच वाटला नाही. "नको. माझ्या पोरांच्या तोंडाला ही लागणार नाही. ती मोठी होईपर्यंत नाही."

होडीवाल्याला राग आला. "म्हणजे तूही आता मिठागरवाल्यासारखा खिडक्या लावून बसणार. मग उद्या तुझीही पोरं शिडीवरून घरी येतील."

कुंपणाच्या पलीकडे मिठागरवाला कुदळ घेऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

माडीवाला कुंपणाकडे बघत म्हणाला, "त्यानं झाकून ठेवली. मी चाखवली. आम्ही दोघं शहाणे, पण पोरांना बसवून सांगितलं कुणीच नाही."

त्यानं आबोलीला जवळ बोलावलं. मांडीवर घेतलं नाही, समोर पाट मांडून बसवलं, मोठ्या माणसाला बसवतात तसं. करवंटी दोघांच्या मध्ये ठेवली आणि म्हणाला, "ही माडी. मी काढतो आणि मोठी माणसं पितात. थोडी प्यायली तरी डोकं जड होतं, जास्त प्यायली तर माणूस पडतो, आणि लहानांच्या अंगात ती गेली तर काय होतं ते तू बघितलंस. म्हणून ती तुझ्यासाठी नाही. मोठी झालीस की घ्यायची की नाही ते तू ठरव. तोवर तुला जे विचारायचं ते मला विचार. मी रागावणार नाही."

आबोलीनं करवंटीकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं. "मग तुम्ही का पिता?"

मित्र हसले नाहीत. सगळे माडीवाल्याच्या तोंडाकडे बघू लागले, कारण हे त्यांनाही कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं उत्तर शोधलं. दमतो म्हणून, असं सांगावं तर तिची आईही दमत होती. बाप प्यायचा म्हणून, असं सांगावं तर त्यानंही आबोलीसारखं बघूनच केलं होतं.

"मला सांगता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण तू विचारलंस ते बरं केलंस. मला उत्तर मिळेपर्यंत मी पिणं थांबवतो."

त्यानं करवंटी उचलली आणि माडाच्या बुंध्याशी ओतून टाकली. मग आबोलीला म्हणाला, "चल, मडकी धुवायला येतेस माझ्याबरोबर?" ती आली. अंधार पडेपर्यंत बापलेक विहिरीवर मडकी घासत बसली होती आणि तिची बडबड एकदाही थांबली नाही. रोज संध्याकाळी ती ज्याची वाट बघायची, ते तिला त्या दिवशी मिळालं.

होडीवाला उत्तरासाठी पुढे कितीतरी दिवस विचारत होता. माडीवाल्याला ते कधी सापडलं नाही म्हणतात. आणि कुंपणापलीकडच्या मिठागरवाल्यानं त्याच आठवड्यात आपल्या मोठ्या झालेल्या मुलाला शेजारी बसवलं आणि विचारलं, "तू लहानपणी मला काहीतरी विचारलं होतंस. पुन्हा विचार बघू."

तात्पर्य एवढंच: मुलांच्या जिभेला लागलेली चव पुसली जाते, पण ती लावणारा हात त्यांना पाठ होतो. म्हणून जे त्यांच्या वयाचं नाही ते चाखवू नये आणि झाकूही नये. समोर बसवून खरं सांगावं, आणि त्यांनी उलट विचारलं तर उत्तर द्यायची तयारी ठेवावी.